फारूक हाजिबेगिच : एका बचावपटूची कारकीर्द

फारूक हाजिबेगिच हे नाव मराठी वाचकाच्या कानांवर प्रथमच पडले, तर शेवटची 'इच' ही दोन परकी अक्षरे सोडून उरलेले सारे नाव त्याला ओळखीचे वाटेल. 'फारूक' हे आपल्याकडील कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर सापडणारे नाव आहे. 'हाजी' म्हणजे मक्केची यात्रा करून आलेला आणि 'बेग' म्हणजे सरदार किंवा जमीनदार, हे दोन्ही शब्द आपल्या बखरींना आणि जुन्या दप्तरांना पूर्वापार ठाऊक आहेत. 'इच' हा मात्र दक्षिण स्लाव्ह भाषांतील वंशवाचक प्रत्यय होय. हाजी असलेल्या कोण्या बेगाचा वंशज, एवढा अर्थ या आडनावात भरला आहे. १४६३ साली बोस्नियाचे राज्य तुर्कांच्या हाती गेले आणि १८७८ पर्यंत, म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ, तेथे उस्मानी सुलतानांचा अंमल राहिला. त्या अंमलाची खूण म्हणून आजही तेथील लोक लहान शहराला 'कसाबा', वस्तीला 'महाला' आणि बाजाराला 'पाझार' म्हणतात. मुलूख इतका दूरचा, भाषा इतकी वेगळी, आणि तरीही कारभाराचे शब्द आपल्याच घरातले, हा योग मला हे लिखाण करताना वारंवार दिलासा देत आला आहे.

या पुस्तकाचा विषय मात्र भाषा नव्हे, फुटबॉल आहे. आणि त्यातही फुटबॉलमधील ज्या जागेविषयी सर्वांत कमी लिहिले जाते त्या बचावाच्या जागेवर अठरा-एकोणीस वर्षे उभ्या राहिलेल्या एका खेळाडूची कारकीर्द आहे. हाजिबेगिच यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९५७ रोजी सारायेव्हो येथे झाला, तेथील एफ. के. सारायेव्हो या संघात ते १९७६ च्या सुमारास दाखल झाले. पुढे स्पेनमधील रेआल बेटिस, फ्रान्समधील सोशो आणि शेवटी तुलूझ अशी त्यांची वाटचाल होऊन १९९५ मध्ये त्यांनी खेळ थांबविला. युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय संघातून १९८२ ते १९९२ या काळात ते ६१ सामने खेळले आणि त्यांत त्यांनी ६ गोल केले. एवढा तपशील कोणत्याही क्रीडाकोशात मिळेल, आणि त्यासाठी पुस्तक लिहिण्याचे कारण नव्हते. कारण निराळे आहे. ३० जून १९९० रोजी इटलीतील फ्लोरेन्स शहरात या माणसाने एक पेनल्टी मारली, ती अर्जेंटिनाच्या गोलरक्षकाने अडविली, आणि त्या दिवसापासून त्यांची उरलेली सारी कारकीर्द जगाच्या दृष्टीने जणू पुसली गेली. त्यावर कडी म्हणजे त्या एका फटक्याच्या माथी एका देशाच्या विनाशाचे उत्तरदायित्वही मारण्यात आले. ही नोंद दुरुस्त व्हावी, असे मला मनापासून वाटते.

बचावपटूच्या कामाचे स्वरूपच असे आहे, की ते यशस्वी झाले तर त्याची खूण उरत नाही. आघाडीवरच्या खेळाडूचा जमाखर्च उघड असतो. त्याने किती गोल केले ते बाराखडी न येणाऱ्या मुलालाही सांगता येते. गोलरक्षकाची झेप तरी छायाचित्रात सापडते. परंतु ज्या बचावपटूने प्रतिपक्षाचा खेळाडू चेंडू घेण्यापूर्वीच दोन पावले सरकून त्याची वाट बंद केली, आणि ती वाट बंद झालेली पाहून ज्याच्याकडे चेंडू होता त्याने तो दुसरीकडेच दिला, त्या बचावपटूच्या खात्यावर त्या क्षणी काहीही जमा होत नाही. प्रेक्षकाने ते पाहिलेले नसते, वार्ताहराने लिहिलेले नसते, आणि जो गोल झालाच नाही त्याची नोंद ठेवणारे दप्तर अद्याप कोणी उघडलेले नाही. खर्चाची बाजू मात्र बिनचूक लिहिली जाते. सुटलेला माणूस, चुकलेला अंदाज, स्वतःच्याच जाळ्यात गेलेला चेंडू या गोष्टी नावानिशी नोंदल्या जातात आणि वर्षानुवर्षे वाचल्या जातात. म्हणून बचावपटूचे चरित्र लिहिणाराला पुष्कळदा घडलेल्या गोष्टींपेक्षा न घडलेल्या गोष्टींचाच शोध घ्यावा लागतो, आणि हे काम वाटते त्याहून अवघड आहे.

सारायेव्हो हे डोंगरांच्या कुशीत, मिल्यात्स्का नदीच्या काठाने पसरलेले लांबट शहर आहे. मशिदी, ऑर्थोडॉक्स व कॅथलिक चर्चे आणि ज्यूंचे सिनेगॉग ही तेथे पायी फिरून पाहण्याइतकी एकमेकांजवळ आहेत. या शहरात दोन मोठे फुटबॉल संघ. झेल्येझ्निचार हा नावाप्रमाणेच रेल्वे कामगारांचा जुना संघ, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली स्थापन झालेला एफ. के. सारायेव्हो. एक घर एका संघाचे आणि शेजारचे दुसऱ्याचे, असा प्रकार तेथे सर्रास. धर्मावरून संघ ठरविण्याची रीत त्या शहराने कधी पाळली नाही. कोशेव्हो येथील ज्या मैदानावर हाजिबेगिच खेळले, त्याच मैदानावर ८ फेब्रुवारी १९८४ रोजी हिवाळी ऑलिंपिकचे उद्घाटन झाले आणि जगाने हे शहर प्रथमच नीट पाहिले. त्यानंतरच्याच हंगामात, १९८४-८५ मध्ये, एफ. के. सारायेव्होने युगोस्लाव्ह लीगचे विजेतेपद मिळविले. बेलग्रेड आणि झाग्रेब येथील श्रीमंत संघांचे वर्चस्व असलेल्या त्या स्पर्धेत या संघाला असे यश केवळ दोनदा लाभले, १९६६-६७ मध्ये आणि नंतर या हंगामात. या दुसऱ्या यशात आघाडीला प्रेद्राग पाशिच आणि हुस्रेफ मुसेमिच होते, आणि मागे बचावफळीत हाजिबेगिच यांच्यासोबत दाव्होर योझिच होता. विजेतेपदाच्या आठवणी सांगताना लोक पहिली दोन नावे आधी घेतात. हे स्वाभाविकच आहे. पण संपूर्ण हंगामाची स्पर्धा जिंकायची तर पुढे गोल करणाऱ्यांइतकीच, पाऊस असो की हिम असो, दर आठवड्याला मागे नेमस्तपणे उभी राहणारी माणसे लागतात, हे कोणाही जाणत्या प्रशिक्षकाला विचारावे.

त्या काळी युगोस्लाव्ह फुटबॉलमध्ये असा दंडक होता, की वयाची अठ्ठावीस वर्षे होईपर्यंत खेळाडूला परदेशी संघाशी करारनामा करता येत नसे. त्यामुळे तेथील उत्तमोत्तम खेळाडू उमेदीची वर्षे आपल्याच प्रेक्षकांपुढे घालवीत आणि मग उत्तरवयाची बेगमी करण्यासाठी पश्चिमेकडे जात. हाजिबेगिच १९८५ साली, अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर, सेव्हिल येथील बेटिस संघात गेले. तेथील दोन वर्षांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. १९८७ मध्ये मात्र ते सोशो या फ्रेंच संघात आले, आणि तेथे त्यांना खऱ्या अर्थाने दुसरे घर मिळाले. सोशो म्हणजे स्वित्झर्लंडच्या सरहद्दीजवळची, पेजो मोटारींच्या कारखान्याभोवती वाढलेली कामगारवस्ती. संघही त्याच कारखान्याने १९२८ साली उभा केलेला. हाजिबेगिच आले तेव्हा हा संघ नुकताच दुसऱ्या श्रेणीत उतरला होता. बोस्नियातलाच, पण झेल्येझ्निचार संघातून आलेला मेहमेद बाझदारेविच त्यांच्या जोडीला होता. सारायेव्होत जे परस्परांचे प्रतिस्पर्धी, ते फ्रान्समधल्या त्या कारखान्याच्या गावी सहकारी झाले. पहिल्याच वर्षी संघ पुन्हा वरच्या श्रेणीत गेला, आणि त्याच वर्षी, ११ जून १९८८ रोजी, पॅरिसमध्ये फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. दुसऱ्या श्रेणीतील संघाने तेथवर जाणे ही सामान्य गोष्ट नव्हे. मेत्झ संघाशी १-१ अशी बरोबरी झाली आणि चषक पेनल्टींवर, ५-४ असा, मेत्झकडे गेला. फ्लोरेन्सच्या दोन वर्षे आधी, अशा रीतीने, पेनल्टीच्या खुणेपाशी सामना हरण्याचा अनुभव त्यांच्या पदरी पडला होता.

आता १९९० चे वर्ष. जानेवारीत बेलग्रेडमध्ये भरलेले सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे अधिवेशन स्लोव्हेनियाचे प्रतिनिधी निघून गेल्याने मोडले आणि पक्षच दुभंगला. वसंतात स्लोव्हेनिया व क्रोएशिया येथे बहुपक्षीय निवडणुका होऊन नवे राष्ट्रवादी पक्ष अधिकारावर आले. १३ मे रोजी झाग्रेबच्या माक्सिमिर मैदानावर दिनामो आणि बेलग्रेडचा रेड स्टार यांचा सामना होता; तो झालाच नाही, कारण दोन्हीकडील समर्थकांत आणि पोलिसांत जबर मारामारी झाली. त्याच मैदानावर ३ जून रोजी युगोस्लाव्ह संघ नेदरलँड्सविरुद्ध विश्वचषकापूर्वीचा सराव सामना खेळला, तेव्हा प्रेक्षकांनी स्वतःच्या देशाच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडविली आणि पाहुण्यांचा जयजयकार केला. आपल्याच मायभूमीत परके ठरलेला हा संघ आठवड्याभरात इटलीला पोचला. प्रशिक्षक होते सारायेव्होचेच ईव्हित्सा ओसिम, पूर्वी झेल्येझ्निचारचे खेळाडू व नंतर प्रशिक्षक. प्रत्येक प्रजासत्ताकाच्या वृत्तपत्राला आपापल्या प्रांतातील खेळाडू संघात हवे होते, आणि ओसिम यांना मात्र सर्वांत चांगले खेळणारे हवे होते.

पहिल्या सामन्यात पश्चिम जर्मनीने ४-१ असा धुव्वा उडविला. दुसरा सामना १४ जून रोजी बोलोन्या येथे कोलंबियाशी. योझिचच्या गोलाने तो १-० असा जिंकला. पण त्याच सामन्यात हाजिबेगिच यांची एक पेनल्टी कोलंबियाचा गोलरक्षक इगीता याने अडविली होती. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण फ्लोरेन्सची कथा सांगताना ती बहुधा गाळली जाते. पुढे संयुक्त अरब अमिरातीवर ४-१ असा विजय मिळाला, २६ जून रोजी व्हेरोना येथे द्रागान स्तोयकोविचच्या दोन गोलांनी स्पेनचा पराभव झाला, आणि उपांत्यपूर्व फेरीत समोर आला गतविजेता अर्जेंटिना, आणि त्याच्याबरोबर मॅराडोना.

फ्लोरेन्समध्ये ती उन्हाची दुपार होती. सामन्याच्या एकतिसाव्या मिनिटाला मॅराडोनावर नजर ठेवण्याची कामगिरी असलेला रेफिक शाबानाजोविच दुसरा इशारा मिळून मैदानाबाहेर गेला, आणि युगोस्लाव्हियाचे दहाच खेळाडू उरले. तेथून पुढे जवळजवळ नव्वद मिनिटे, जादा वेळ धरून, या दहा जणांनी जगज्जेत्या संघाला एकही गोल करू दिला नाही. उलट पुढच्या खेळाडूंनी आक्रमणही केले. पाहणाऱ्या पुष्कळांना अधिक चांगला संघ दहा जणांचाच वाटला. या नव्वद मिनिटांत बचावफळीला एका माणसाची उणीव भरून काढायची होती; म्हणजे प्रत्येकाने आपली जागा सांभाळून शेजाऱ्याचीही अर्धी जागा सांभाळायची, प्रत्येक वेळी कोणाला सोडायचे आणि कोणाला धरायचे याचा निर्णय क्षणार्धात घ्यायचा, आणि तोही अशा माणसाच्या समोर, ज्याला क्षणार्ध पुरेसा असतो. माझ्या मते हाजिबेगिच यांच्या कारकिर्दीतील सर्वोत्तम काम या नव्वद मिनिटांत आहे. सामना ०-० असा सुटला.

मग पेनल्टी. अर्जेंटिनाच्या सेरिसुएलाने पहिली पेनल्टी जाळ्यात घातली. स्तोयकोविचची आडव्या दांड्याला लागून बाहेर गेली. बुरुचागाने गोल केला; प्रोसिनेच्कीने केला. मॅराडोनाची पेनल्टी युगोस्लाव्हियाचा गोलरक्षक ईव्हकोविच याने अडविली. साविचेविचने गोल करून बरोबरी साधली. त्रोग्लिओचा चेंडू खांबाला लागला. आता युगोस्लाव्हियाला आघाडी घेण्याची संधी होती. पण ब्र्नोविचची पेनल्टी अर्जेंटिनाचा गोलरक्षक गोयकोचेआ याने अडविली. देझोत्तीने गोल केला आणि अर्जेंटिना ३-२ असा पुढे गेला. पाचवी, अखेरची पेनल्टी हाजिबेगिच यांच्याकडे आली. चेंडू गोलात गेला तर खेळ चालू, नाही तर संपला. ज्या माणसाची पेनल्टी सोळा दिवसांपूर्वी अडविली गेली होती आणि जो दोन तास, त्यांतील बहुतांश वेळ दहा जणांच्या संघातून, धावून थकलेला होता, तो मध्यवर्तुळातून चालत आला, त्याने चेंडू खुणेवर ठेवला आणि मारला. गोयकोचेआ योग्य बाजूला झेपावला. पेनल्टी सुरू होण्यापूर्वीच ओसिम मैदान सोडून आत निघून गेले होते, असे सांगतात.

या ठिकाणी एक बारीकशी गोष्ट नोंदवून ठेवतो. ती मला महत्त्वाची वाटते. १९८८-८९ च्या हंगामापासून युगोस्लाव्ह लीगमध्ये असा नियम केला होता, की सामना बरोबरीत सुटला तर पेनल्टी घ्याव्यात आणि त्यांत जिंकणाऱ्याला एक गुण मिळावा, हरणाऱ्याला काही मिळू नये. त्यामुळे त्या लीगमधील खेळाडूंना पेनल्टींच्या मालिकेचा सराव आठवड्यागणिक घडत होता. ज्या दोघांच्या पेनल्टी गोयकोचेआने अडविल्या ते ब्र्नोविच आणि हाजिबेगिच हे दोघेही त्या वेळी फ्रान्समध्ये खेळत होते. यावरून काही सिद्ध होते असे मी म्हणत नाही. दांड्याला लागलेली पेनल्टी बेलग्रेडच्या स्तोयकोविचचीच होती. तरीपण नशीब, शाप, राष्ट्रभावना असे मोठे शब्द वापरण्यापूर्वी अशा साध्या गोष्टींचा पंचनामा आधी व्हावा, अशी माझी समजूत आहे.

कारण मोठे शब्द वापरले गेले. हाजिबेगिच यांनी ती पेनल्टी घातली असती, युगोस्लाव्हिया उपांत्य फेरीत आणि कदाचित त्याही पुढे गेला असता, तर देशभर आनंदाची अशी लाट उसळली असती की तो फुटलाच नसता, असा एक लोकप्रवाद त्या सर्व प्रजासत्ताकांत पसरला. इटालियन पत्रकार जीजी रिवा यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाचे नावच 'फारूकची अखेरची पेनल्टी' अशा अर्थाचे आहे. या प्रवादामागे लोकांचा दुष्टपणा नाही, हे मी आवर्जून सांगतो. ज्यांची घरे गेली, ज्यांचे आप्त गेले, त्यांना सारा अनर्थ टळू शकला असता असा एखादा क्षण हवा असतो. तो क्षण जितका लहान, तितके दुःख हाती धरता येते. ही व्यथा मला समजते. पण तिचा भार एका माणसाच्या पायावर टाकणे हा अन्याय आहे. पक्ष जानेवारीतच मोडला होता. निवडणुका होऊन गेल्या होत्या. माक्सिमिरवर रक्त सांडले होते. स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी २५ जून १९९१ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले, त्यापूर्वी वर्षभर जे चालले होते ते फुटबॉलच्या कोणत्याही विजयाने थांबण्याजोगे नव्हते. युद्धाचा निर्णय ज्यांनी घेतला, तोफा ज्यांनी डोंगरांवर चढविल्या, त्यांची नावे आणि त्यांचे हुकूम इतिहासाच्या दप्तरात स्वतंत्रपणे नोंदलेले आहेत. त्या यादीत फुटबॉलपटूचे नाव घालण्याचे कारण नाही.

एप्रिल १९९२ मध्ये सारायेव्होला वेढा पडला आणि तो फेब्रुवारी १९९६ पर्यंत, १,४२५ दिवस, राहिला. ओसिम यांची पत्नी त्या वेढ्यात अडकली होती. २३ मे १९९२ रोजी बेलग्रेडमध्ये त्यांनी डोळ्यांत पाणी आणून राष्ट्रीय संघाचे पद सोडले. आठवड्याभरात संयुक्त राष्ट्रसंघाचे निर्बंध आले, युगोस्लाव्हियाला युरोपीय स्पर्धेतून काढण्यात आले, आणि ऐनवेळी बोलावलेला डेन्मार्क ती स्पर्धा जिंकून गेला. सारायेव्होत तेव्हा मृतांना पुरण्यास जागा अपुरी पडू लागली होती. कोशेव्हो मैदानाला लागून असलेल्या सरावाच्या मैदानावर कबरी खोदल्या गेल्या, आणि त्या आजही तेथेच आहेत. ज्या जमिनीवर विजेत्या संघाने सराव केला, तेथे पांढऱ्या दगडांच्या रांगा उभ्या राहिल्या. आणि त्याच वेढ्यात, १९९३ मध्ये, हाजिबेगिच यांचा जुना सहकारी प्रेद्राग पाशिच याने सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी 'बुबामारा' नावाची फुटबॉलची शाळा काढली. तोफगोळे पडत असताना मुले तेथे खेळायला येत. पाशिच सर्ब होता, परदेशी जाणे त्याला शक्य होते, आणि तो शहरातच राहिला. या माणसाविषयी मराठीत एक स्वतंत्र पुस्तक व्हावयास हवे.

वेढा पडला तेव्हा हाजिबेगिच सोशोमध्ये होते. खेळ थांबविल्यानंतर ते प्रशिक्षक झाले. ज्या सोशो आणि बेटिस संघांतून ते खेळले त्या दोन्ही संघांचे प्रशिक्षकपद त्यांनी भूषविले, आणि फ्रान्समधील इतर अनेक संघांचेही. स्वतंत्र बोस्निया-हर्जेगोव्हिनाच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे १९९९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये, दोन्ही वेळा अल्पकाळ, आली. २०१९ मध्ये माँटेनेग्रोच्या प्रशिक्षकाने कोसोव्होविरुद्धच्या सामन्यास येण्याचे नाकारले व त्यास पदावरून दूर करण्यात आले, तेव्हा त्या जागी हाजिबेगिच यांना बोलावण्यात आले. जुन्या देशाच्या सहा प्रजासत्ताकांपैकी दोन प्रजासत्ताकांचे राष्ट्रीय संघ अशा रीतीने या एकाच माणसाकडे येऊन गेले.

बोस्निया-हर्जेगोव्हिना विश्वचषकात प्रथम खेळला तो २०१४ मध्ये. १५ जून रोजी रिओ येथील माराकाना मैदानावर पहिला सामना होता, आणि समोर होता पुन्हा अर्जेंटिना. तिसरे मिनिट उजाडले आणि तरुण बचावपटू सेआद कोलाशिनात्स याच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला; विश्वचषकाच्या इतिहासातील तो सर्वांत लवकर झालेला स्वयंगोल ठरला. बोस्नियाचे प्रशिक्षक होते साफेत सुशिच, जे फ्लोरेन्सच्या त्या दुपारी हाजिबेगिच यांच्याबरोबर मैदानावर उतरले होते. त्यांनी कोलाशिनात्सला बदलले नाही. तो पूर्ण वेळ खेळला, सामना २-१ असा गेला, आणि पुढे आर्सेनल, मार्सेय, अटलांटा अशा संघांतून त्याने दीर्घकाळ उत्तम बचाव केला. २०१४ चा उल्लेख निघाला की लोकांना त्याचे तेच तिसरे मिनिट आठवते.

पुढील प्रकरणे कालक्रमाने लिहिली आहेत. सारायेव्होतील वर्षांना अधिक जागा दिली आहे आणि फ्लोरेन्सला एकच प्रकरण दिले आहे. फ्लोरेन्सची माहिती वाचकाला अन्यत्रही मिळेल, परंतु १९८४-८५ च्या हंगामातील हिवाळ्यातले सामने मराठीत दुसऱ्या कोणी सांगितले असतील, असे मला वाटत नाही. स्लाव्ह नावे देवनागरीत लिहिताना उच्चाराला धरून राहण्याचा यत्न केला आहे. त्यात न्यून राहिले असेल तर जाणकारांनी कळवावे. आणि वाचकास एवढीच विनंती आहे, की ३० जून १९९० च्या नोंदीपाशी तो येईल तेव्हा पेनल्टींच्या रकान्यावर जाण्यापूर्वी त्याने त्या आधीचा आकडा वाचावा : १२० मिनिटे, त्यांपैकी जवळजवळ नव्वद दहा खेळाडूंनिशी, आणि अर्जेंटिनाचे गोल शून्य.